बाईसाहेबांची जमीन

टक्.

सकाळी सहाच्या ठोक्याला काचेच्या पेटीवरचा दिवा आपोआप लागला आणि झोपलेल्या घरात तेवढा एकच आवाज झाला. भिंगरीची आई दुधाचं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. दिवा लागला की मिनिटभरात वाळूवर नखांची खसखस यायची. बाईसाहेब दगडाखालून बाहेर यायच्या, एक पाऊल हवेत धरून जरा विचार करायच्या, मग कुणावर तरी उपकार केल्यासारख्या सावकाश उबेच्या कोपऱ्यात जाऊन बसायच्या. गेले तीन दिवस ती खसखस आली नव्हती. आजही आली नाही. तिने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि पेटीपाशी जमिनीवर बसकण मारली.

बाईसाहेब म्हणजे पाल. दिवा लावताच भिंतीवरून सरपटत जाणारी आणि बघणाऱ्याला ओरडायला लावणारी ती पाल नव्हे. हिला भिंतीवर चढताच येत नाही. हळदीसारखं पिवळं अंग, त्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके, गाजराएवढं जाड शेपूट आणि डोळ्यांना चक्क पापण्या. भिंगरीच्या काकाने ती नऊ वर्षांपूर्वी एवढीशी असताना पाळायला आणली होती. आता काका जहाजावर कामाला लागला आणि दहा महिन्यांसाठी पेटी भावाच्या घरी ठेवून गेला. जाताना त्याने दहादा बजावलं होतं, "वहिनी, आठवड्यातून तीनदा अळ्या, त्याही चिमट्याने. पाण्याची वाटी रोज भरायची. आणि खाली कागद. दिसायला भिकार दिसतो, मला माहीत आहे. पण कागदच ठेव."

नाव भिंगरीने ठेवलं. भिंगरी साडेपाच वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघत. पेटी आली त्या दिवशी ती तासभर काचेला नाक लावून बसली आणि शेवटी म्हणाली, "ही कुणाकडे बघतच नाही. बाईसाहेब आहे नुसती." तेव्हापासून घरात पालीला अहोजाहो सुरू झालं. भिंगरीचे आजोबा, म्हणजे अण्णा, उठल्याउठल्या विचारत, "बाईसाहेब उठल्या का? मग आम्हालाही चहा मिळेल."

आणि या बाईसाहेब आता दगडाखाली पडून होत्या. डोळे अर्धे मिटलेले, पोट तट्ट फुगलेलं. गेल्या आठवड्यातली एकही अळी त्यांनी खाल्लेली नव्हती. त्यांच्या भोवती सायीच्या रंगाची, साखरेपेक्षा बारीक वाळू पसरली होती. वाऱ्याने ओढाव्यात तशा तिच्यावर रेघा होत्या. त्या रेघा भिंगरीच्या आईने स्वतःच्या बोटांनी ओढल्या होत्या.

ती दुकानांच्या शोकेस सजवायची. बाजारातल्या मोठ्या रस्त्यावर काचेमागे समुद्रकिनारा, बर्फ, शरदातलं जंगल, जे हवं ते उभं करून द्यायची. या कामाची एक रीत असते. हात काचेच्या आत आणि डोळा काचेच्या बाहेर. एक दगड ठेवायचा, धावत रस्त्यावर जायचं, चार पावलं मागे सरून बघायचं, पुन्हा आत येऊन तो दगड दोन बोटं डावीकडे सरकवायचा. दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर. बारा वर्षं हेच केलेल्या बाईच्या घरात एक काचेची पेटी होती आणि तिच्यात पुसायचा पांढरा कागद अंथरलेला होता. तो कागद रोज तिच्या डोळ्यात खुपायचा. दीड महिना तिने कळ काढली. मग एका चपलांच्या दुकानाची शोकेस मोडली, अर्धी गोणी वाळू उरली, आणि एका रविवारी तिला राहवलं नाही.

काय देखणं झालं होतं ते. वाळवंटाचा तुकडा कापून आणावा तसं. एक वाकडी सुकी फांदी, तीन दगड, त्यांच्या सावल्या. ती खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, डोळे किलकिले केले, परत आली, एक दगड सरकवला. भिंगरीने टाळ्या पिटल्या. भिंगरीचा बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि आठवड्यातून दोनच दिवस घरी असायचा. तोही म्हणाला, "आता घर वाटतं हे." अण्णांनी तेवढं चष्म्यावरून बघितलं होतं आणि विचारलं होतं, "झकास. चपला कुठे ठेवणार?"

दवाखान्यात प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीकडे धरला. पालीचा सांगाडा इतका नाजूक की पेन्सिलीने काढल्यासारखा, आणि पोटाच्या जागी पांढरा ढग.

"खाली काय घातलंय?"

"वाळू."

"कुठली?"

भिंगरीची आई म्हणाली, "कामावरची. शोकेसची."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "फार बारीक आहे ही. ओली झाली की पोटात विटेसारखी बसते. अंगात कॅल्शियम कमी पडलं की या जमीन चाटतात, आणि अळी पकडताना थोडी तोंडात जातेच. रोज दोनदा कोमट पाण्यात बसवा. पाणी पोटाला लागेल इतकंच. पोटावरून एका बोटाने हलके हलके मागच्या बाजूला न्यायचं. औषधाचे दोन थेंब. खाली फक्त कागद. पोट साफ झालं तर निम्मी लढाई जिंकली."

"आणि नाही झालं तर?"

"सहा दिवस बघू."

बाहेर बाकावर भिंगरी मांडीवर भोकं पाडलेला डबा घेऊन बसली होती. पाय लोंबकळत होते, पण हलत नव्हते. "काय झालंय त्यांना?"

"पोटात वाळू गेलीय."

"कशी?"

"खाताना गेली," आई म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण वाक्य जिथे संपायला हवं होतं त्याच्या बरंच आधी तिने ते संपवलं, हे तिचं तिला समजलं. भिंगरीने डबा छातीशी धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून घराचं घड्याळ बदललं. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर भिंगरीची आई बशीत कोमट पाणी घेई, मनगटावर थेंब टाकून बघे. भिंगरी तान्ही असताना दूध असंच बघायची. मग बाईसाहेबांना हळूच उचलून पाण्यात ठेवे. तळहाताएवढा तो जीव तिच्या बोटावर हनुवटी टेकून बसे. पोटावरून बोट फिरवताना आत काहीतरी कडक लागे. ती पुटपुटत राही, "हं, बाई. हं. जाऊ दे. सोडून दे." कुणाला म्हणत होती कोण जाणे.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन व्हायचं. अठ्ठावन्न ग्रॅम. सत्तावन्न. पंचावन्न. शेपटीतली चरबी उतरू लागली होती. अडीनडीला असावा म्हणून जपलेला साठाच तो, आणि बाईसाहेबांनी त्याला हात घातला होता.

भिंगरी पाण्याची बशी धरायची, पुसायला मऊ फडकं आणायची, सांगितलं ते सगळं करायची. नुसतं गिरकी घेणं थांबलं होतं. पोरीला काळजी लागलीय, आईला वाटे.

पाचव्या दिवशी ती कामावर होती. एका शिडीवर चढून कागदी पक्षी टांगत असताना फोन वाजला. अण्णांचा आवाज नेहमीसारखाच गंभीर होता.

"सूनबाई, कामात आहेस का?"

"काय झालं, अण्णा?"

"विशेष काही नाही. बाईसाहेबांनी बांधकामाचं सगळं साहित्य परत केलंय. ताबा घ्यायला कुणी आहे का, विचारतायत."

ती शिडीवरच बसली. हातातला पक्षी चुरगळला होता. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि खालून दुकानदार विचारू लागला की पक्षी उलटा का लटकतोय.

जीव भांड्यात पडला खरा, पण तळाशी टेकला नाही. पोट मोकळं झालं तरी बाईसाहेब खाईनात. कागदावर त्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसत, नखांनी कागद ओरबाडत, फाडत, पुन्हा बसत. त्रेपन्न ग्रॅम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कागद वाईट नाही. पुष्कळ जणींचा जन्म कागदावर जातो. पण हिने मधे खोदायची चव घेतलीय, आता तिला उघड्यावर टाकल्यासारखं होत असेल. घट्ट जमीन करून बघा. माती आणि जाड वाळू, ओली करून ठोकायची आणि पूर्ण वाळवायची. नखाने कोरता आली पाहिजे, पण जिभेला कण लागता कामा नये. कुंड्यांची विकतची माती नको, तिच्यात खत असतं. लाकडाचा वासाचा भुसा नको, रंगीत काही नको. आणि आता तिने खायला हवं. शेपूट अजून बारीक झालं तर मग अवघड आहे."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा अण्णा खुर्चीत पाय पुढे करून बसले होते. अण्णांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरातल्या जमिनी केल्या होत्या. दगडाच्या, संगमरवराच्या, लाद्यांच्या. मग गुडघ्यांनी एकाच आठवड्यात राजीनामा दिला आणि तेव्हापासून ते दुसऱ्यांनी केलेल्या जमिनींना नावं ठेवत.

"दोन बाय तीन फूट," ते पेटीकडे बघून म्हणाले. "एवढं छोटं काम मी कधी घेतलं नाही."

"घ्याल का?"

"गुडघे टेकायला लागत नसतील तर घेतो. एक मूठ सिमेंट घातलं की..."

"सिमेंट नाही, अण्णा. तिची कातडी भाजेल."

"मग पकड कशाने येणार?"

"मातीनेच आणायची."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्या बापाने मातीच्याच केल्या," ते म्हणाले. "मी भिंगरीएवढा असताना मागे मागे थापी घेऊन फिरायचो. बघू, हाताला आठवतंय का."

माती त्यांच्या एका जुन्या शागिर्दाने आणून दिली. पायाच्या खड्ड्यातली, पुरुषभर खोलीवरून काढलेली. "हिला कुणी कधी खत घातलेलं नाही," अण्णा म्हणाले, "आणि फवारलेलंही नाही. वरच्या मातीचा भरवसा नाही, तिच्यावर माणसं राहतात." त्यांनी भिंगरीला रिकामी बरणी आणायला लावली. तिच्यात तीन मुठी माती, वर पाणी, झाकण घट्ट, आणि मग भिंगरीने हात दुखेपर्यंत बरणी हलवायची. दुसऱ्या दिवशी खिडकीत बरणीत थर बसले होते. तळाला जाड कण, मधे करडा गाळ, वर लोण्यासारखी चिकणमाती. अण्णांनी बोटं लावून थर मोजले. "चिकण जास्त आहे. एकटी ठेवली तर वाळताना भेगा पडतील. दोन वाटे ही, एक वाटा वाळू."

वाळूचे दोन नमुने आले होते. अण्णांनी एकेक चिमूट घेतली, कानापाशी नेली आणि बोटांत चोळली. भिंगरीने दोन्ही कान पुढे केले.

"ही ऐक. करकरते. दगड फोडून केलेली आहे, कडा धारदार असतात. आणि ही?"

"ही कुजबुजते."

"शाब्बास. ही पाण्यात लोळून गोल झालेली. हीच घ्यायची."

आईने घमेलं मोरीत ठेवून वाळू धुवायला घेतली. पाणी गढूळ येई, ओतून द्यायचं, पुन्हा घ्यायचं. तिसऱ्या पाण्याला तिच्या लक्षात आलं की भिंगरी दारात उभी आहे आणि पुढे येत नाही.

"ये ना. हात घाल, गार आहे."

"वाळू नको घालूस," भिंगरी म्हणाली.

"ही चांगली वाळू आहे, राजा. आणि मातीत घट्ट बसणार आहे."

"नको. मी परत टाकेन."

"काय टाकशील?"

भिंगरीने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. "अळी. काकाने चिमट्याने द्यायला सांगितलं होतं. चिमट्यात ती वळवळते, मला भीती वाटते. म्हणून मी वाळूत टाकायची. तू नसताना. खूप वेळा. म्हणून गेली त्यांच्या पोटात."

नळ चालूच होता. आईने तो बंद केला. बारा दिवस ही पोर हे ओझं एकटीने वाहत होती. बशी धरताना, फडकं आणताना, आणि आपण शेजारी बसून समजत होतो की तिला नुसती काळजी लागलीय. त्या दिवशी बाकापाशी आपण ते वाक्य पुरं केलं असतं तर.

ओले हात तसेच घेऊन ती उंबऱ्यावर बसली. "इकडे ये. ऐक. कागदावर टाकली असतीस तर काहीच झालं नसतं. वाळू होती म्हणून झालं. आणि वाळू कुणी घातली?"

भिंगरीने फ्रॉकचं टोक सोडून दिलं.

"मी घातली. काकाने नको सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, तरी घातली."

"का?"

"छान दिसेल म्हणून."

"कुणाला?"

"मला," ती म्हणाली. "आपल्याला. बाहेरून बघणाऱ्यांना."

भिंगरीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, मग राग आला, आणि दोन्ही काही वेळ शेजारी शेजारी राहिले. मग ती अगदी आईच्याच सुरात म्हणाली, "बाईसाहेबांना सॉरी म्हणालीस?"

"अगं, त्यांना काय..."

"म्हणायचं असतं."

"म्हणेन."

"मोठ्याने. मनातल्या मनात चालत नाही." आणि तिने बाही वर सरकवून घमेल्यात हात घातला.

काकालाही कळवलं तिने, त्याच दुपारी, एक शब्दही न लपवता. जहाजावरून उत्तर यायला दोन दिवस लागले. "कागद भिकार दिसतो हे मी आधीच मान्य केलं होतं, वहिनी. आता खाते का, ते कळव." खाली आणखी एक ओळ होती. "माझ्याकडे ती दोनदा मरता मरता वाचलीय. तुला कधी सांगितलं नाही."

कालवलेली माती अण्णांनी मुठीत दाबली. मूठ उघडली तर बोटांच्या खुणांसकट गोळा बसला होता आणि तळहात कोरडा होता. तो त्यांनी कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. तीन तुकडे झाले. "बरोबर. भुगा झाला असता तर पाणी कमी, चपटा बसला असता तर जास्त. घाल."

अण्णा स्टुलावर, भिंगरी पालथी पडून, आणि आई कोपरापर्यंत पेटीत. काचेच्या आत हात घालून तिच्याइतकं सफाईने काम करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हे अण्णांनीही कबूल केलं. आधी एक बोटभर थर, लाकडी ठोकळ्याने चोपायचा, आवाज बद्द यायचा थांबून टणक यायला लागला की पुढचा. तिसऱ्या थरानंतर तिने सवयीने हात बाहेर काढले, उठली आणि दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?" अण्णा म्हणाले.

"लांबून बघते, कसं दिसतंय."

"राहणारी लांब राहणार आहे का?"

ती थांबली. भिंगरी खिदळली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग ती परत आली आणि लेकीशेजारी पालथी पडून गाल लादीला टेकवला, डोळा मातीच्या पातळीला आणला. वरून सुबक दिसणारा दगड इथून डोंगर होता, आणि तो डोंगर मातीवर नुसता टेकवलेला होता. त्याच्याखाली कुणी खोदलं तर काय होईल हे तिला तिथे पडल्या पडल्या दिसलं.

"अण्णा, हा तिच्यावर पडेल."

"आता दिसलं ना? आधी दगड पार तळाच्या काचेवर बसवायचे. मग माती. पाया म्हणतात त्याला."

"मग आधी का नाही सांगितलंत? तीन थर चोपून झाले."

"तू विचारलंस का? मला वाटलं, शोकेसवाल्यांची काही वेगळी पद्धत असेल."

तिने सगळं उकरलं आणि पहिल्यापासून केलं. दगड तळावर पक्के, हाताने हलवून हलेनात असे. एका कोपऱ्यात अंग पुरं मावेल एवढंच बीळ, कारण भिंगरीच्या मते घर पाठीला लागलं की भीती वाटत नाही. उबेच्या बाजूला एक सपाट पाटीचा दगड, अळी ठेवायला आणि पोट शेकायला. वाऱ्याच्या रेघा नाहीत. फांदी ठेवली, पण ती सावलीसाठी.

वाळायला नऊ दिवस लागले. दोन भेगा पडल्या, त्या पातळ चिखलाने भरल्या. रोज सकाळी टक् झालं की दोघींची बोटं आत जात आणि अण्णा ओरडत की ओल्या जमिनीवर चालायला कुणी सांगितलं. तोवर खोक्यात कागदावर ठेवलेल्या बाईसाहेब एक्कावन्न ग्रॅमवर आल्या होत्या. नवव्या दिवशी आईने नख ओढून पाहिलं. बारीक रेघ उठली, पण एक कण सुटला नाही. मग तिने जीभ लावली. मातीची चव आली, जिभेवर काही आलं नाही.

"मलाही," भिंगरी म्हणाली, आणि अण्णांनी दोघींकडे बघून डोळे मिटून घेतले.

बाईसाहेबांना आत ठेवलं तेव्हा त्या एक पाऊल हवेत धरून उभ्या राहिल्या. मान खाली गेली. जीभ बाहेर आली आणि जमिनीला लागली, एकदा, दोनदा. आईने भिंगरीचा हात इतका घट्ट धरला की ती "आई गं" म्हणाली. बाईसाहेबांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि चालत बिळात निघून गेल्या. त्या दिवशी शेपटाचं टोकच तेवढं दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई कामावरून येऊन चप्पल काढत होती. पेटीवरचा दिवा टक् करून मालवला. खोलीत खिडकीपुरता उजेड उरला. आणि मग आवाज आला. आधीची खसखस नव्हती ती. खर्र, खर्र, असा, कुणीतरी कामाला लागल्यासारखा. भिंगरी ओठांवर बोट ठेवून पेटीपाशी बसलीच होती. बाईसाहेब बिळाचं तोंड आपल्याला हवं तसं करून घेत होत्या. पुढच्या पायांनी कोरायचं, थांबायचं, बघायचं. अण्णा खुर्चीतून पुटपुटले, "माझ्या कामात सुधारणा करतेय ती," आणि इतके खूश दिसले की तसे ते पेन्शन लागली तेव्हाही दिसले नव्हते.

"चिमटा," भिंगरी कुजबुजली.

"तू धरशील?"

तिने मान हलवली. चिमट्यात अळी वळवळली, भिंगरीचं नाक आक्रसलं, पण तिने सोडली नाही. पाटीच्या दगडावर, अळीपासून बोटभर अंतरावर, बाईसाहेब थांबल्या. शेपटाचं टोक सापासारखं हललं. आणि मग एकदम टप्प, आणि चिमटा रिकामा. बाईसाहेबांनी दोनदा चावलं, गिळलं, जीभ ओठांवरून आणि मग स्वतःच्या डोळ्यावरून फिरवली, आणि पुढची कुठेय असं बघितलं.

चार खाल्ल्या त्यांनी. चौथीनंतर त्या दगडावरच पोट टेकून पसरल्या, तोंड काचेकडे करून. भिंगरीची आई जमिनीवर बसली होती, डोळे पुसायला पदरसुद्धा न उचलता. भिंगरीने कोपराने तिला ढोसलं.

"आता म्हण."

"काय?"

"तुला माहितेय."

तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघू लागले. मग ती पालथी झाली, गाल लादीला टेकवला, डोळा जमिनीच्या पातळीला आणला. काचेपलीकडून दोन सोनेरी डोळे तिच्याकडे बघत होते, किंवा तिच्या मागच्या भिंतीकडे.

"बाईसाहेब, सॉरी," ती म्हणाली. मोठ्याने. "चुकलं माझं."

बाईसाहेबांनी पापण्या सावकाश मिटल्या आणि मिटूनच ठेवल्या. भिंगरी आईच्या पाठीवर येऊन पडली, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली आणि दोघी तशाच बघत राहिल्या. उजेड कमी होत गेला. पोरीचं वजन, तिचा ऊन श्वास मानेवर, खाली गार लादी. आईला वाटलं, झोपली वाटतं.

"आई."

"हं."

"तू त्यांना पाण्यात बसवायचीस ना, तेव्हा त्या तुझ्या बोटावर डोकं ठेवायच्या."

"हं."

"तेव्हा त्यांना माहीत होतं का गं, वाळू तूच घातली होतीस ते?"